सिग्नल चांगला, तरी दर १५ मिनिटांनी रीडिंग गळतात

हिंगणा एमआयडीसीत मोबाइल टॉवरच्या एकाच सेलखाली (एका अँटेनाच्या टप्प्यात) ४०० स्मार्ट वीजमीटर, दर १५ मिनिटांनी रीडिंग, आणि नेमक्या ००, १५, ३०, ४५ला बरीच रीडिंग गळतात. अँटेना बदलण्यात पैसे घालू नका. सगळे मीटर एकाच क्षणी नेटवर्कचं दार ठोठावतात, दुखणं तिथे आहे.

एलटीईत (४जी) मीटर आधी प्रीॲम्बल, म्हणजे जोडणी मागणारा छोटा संकेत, पाठवतो. सेलमध्ये ते ६४ असतात, त्यातले साधारण ५४ सर्वांना खुले. तो पाठवायची दर ५ मिलिसेकंदांना एक संधी धरली, तर १०० मिलिसेकंदांत २० संधी, म्हणजे १०८० जागा. एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) घड्याळं जुळलेले ४०० मीटर तेवढ्याच वेळात आले, तर प्रत्येकाची दुसऱ्याशी टक्कर व्हायची शक्यता सुमारे ३१ टक्के. त्याहून मोठी अडचण उत्तराची: मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या टीआर ३७.८६८ अभ्यासात एका संधीमागे १५ ग्रँट (पुढचं पाठवायची परवानगी) धरले आहेत, आणि इथे संधीमागे २० मीटर उभे. शिवाय जे आत शिरतात ते शे-दोनशे बाइट पाठवून झाल्यावरही इनॅक्टिव्हिटी टायमर (काही न पाठवताही जोडणी उघडी राहण्याची मुदत) संपेपर्यंत जोडणी अडवून ठेवतात.

रीडिंग वेळेवरच घ्या, टाइमस्टॅम्पही तोच ठेवा. फक्त पाठवणं लांबवा. सीरियल नंबरच्या हॅशला (त्या नंबरवरून गणिताने काढलेल्या आकड्याला) ६००ने भागून जी बाकी उरेल, तितके सेकंद थांबा. दोन मीटरांत सरासरी दीड सेकंदाचं अंतर पडतं, आणि टायमर १० सेकंदांचा असला तरी एका वेळी सातेक जोडण्याच उघड्या राहतात. बूटच्या वेळेवरून रँडम सीड (रँडम आकडे ज्यावरून निघतात तो सुरुवातीचा आकडा) घेऊ नका. उन्हाळ्यात फीडर (भागाला वीज पुरवणारी लाइन) ट्रिप होऊन परत आला की सगळे एकत्र बूट होतात आणि सीडही एकच निघतो. त्याच कारणाने बूटनंतरचा अटॅचही (नेटवर्कवरची नोंदणी) सीरियलवरूनच १२० सेकंदांत विखुरा.

सगळ्यात जास्त नुकसान चुकीच्या रीट्रायने होतं. एक प्रयत्न फसला की मोडेम रीसेट करणारं फर्मवेअर असेल तर ते आधी काढा. प्रत्येक रीसेटमागे अटॅच, ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं), बेअरर (डेटाचा मार्ग) हे सगळं नव्याने होतं आणि गर्दी वाढतच जाते. ३०, ६०, १२०, २४० सेकंद असं थांबा, प्रत्येकात थोडा रँडम भाग मिसळा. नेटवर्कने नकारासोबत थांबायची वेळ दिली असेल तर ती पाळाच.

नुसतं एनबी-आयओटीवर (मीटरसारख्या थोडा डेटा पाठवणाऱ्या उपकरणांसाठीचं मोबाइल तंत्र) गेल्याने हे सुटणार नाही. तिथला कॅरिअर १८० किलोहर्ट्झचा, प्रवेशासाठी जास्तीत जास्त ४८ सबकॅरिअर; एकदम आलेली गर्दी तिथेही अडकते.

वीज गेल्याचा शेवटचा संदेश मात्र विखुरता येत नाही, मीटरला काही क्षण चालू ठेवणारा सुपरकॅपॅसिटर तेवढा वेळ देत नाही. तो सगळ्या मीटरांकडून मागू नका. ट्रान्सफॉर्मरवरचा मीटर आणि प्रत्येक लाइनवरचे दोन-तीन निवडक मीटर पुरेत.