संसारातलं ‘सार’

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ताईच्या केळवणात बोलायला लिहिलेलं टिपण वाचलं. मनापासून लिहिलं आहेस. पण पहिलं वाक्य काढ: ‘ज्यात सार आहे तो संसार.’ ऐकायला गोड आहे, शब्द मात्र तसा बनलेला नाही. ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘सृ’ हा धातू. सृ म्हणजे सरकणं, वाहणं, पुढे जाणं. सरिता त्यातलीच, आणि ‘दिवस सरले’ म्हणतो ते सरणंही त्यातलंच. संस्कृतात आणि पालीत संसार म्हणजे जन्ममरणाचं न थांबणारं भ्रमण. हिंदीत तो झाला जग.

मराठीनं तो स्वयंपाकघरात आणला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपण संसार थाटतो, मांडतो, संसाराला लागतो. पुरात संसार वाहून गेला म्हटलं की डोळ्यांपुढे डबे, अंथरुणं, मुलांची वह्यापुस्तकं येतात. वाशीला रेल्वे १९९२ मध्ये आली. आम्ही त्याच्या आधी आलो, लालबागहून टेम्पोनं, खाडीपूल ओलांडून. सामान उतरवल्यावर हमालानं विचारलं, “बाई, एवढाच संसार?” एक स्टोव्ह, पाटा-वरवंटा, ट्रंक आणि सासूबाईंचं नाव घातलेली भांडी. मी हो म्हटलं. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, किती नेमका शब्द वापरला त्यानं.

आणि बघ, शब्दाची मूळची चाल गेलेली नाही. संसाराचा गाडा आपण ओढतोच, कधी संसार नुसता रेटतो. गाडा म्हणताना धातू कुणाला आठवत नाही, पण जिभेला तो ठाऊक असतो.

आमच्या सिडकोच्या इमारतीत मला आणखी एक गोष्ट कळली. समोरच्या तमिळ मामी म्हणाल्या, त्यांच्याकडे जुनी माणसं बायकोलाच ‘संसारम’ म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या केरळच्या बाई हसायला लागल्या: मल्याळममध्ये संसारम म्हणजे बोलणं! बंगालीत मात्र आपल्यासारखाच घरसंसार. एका जिन्यावर उभ्या राहून आम्ही तिघीजणी एकाच शब्दाचे तीन अर्थ सांगत होतो. नवी मुंबईत राहतेस, तर शब्दाची फोड करत बसण्याआधी शेजारी विचारत जा. शब्द कुणाच्या तोंडी कशासाठी येतो, ते वहीत टिपून ठेव.

टिपणातला संयमावरचा परिच्छेदही गाळ; तो कुठल्याही लग्नात चालेल. त्याजागी तुमच्या आजीची भांडी घे. त्यांवर कुणाचं नाव आहे, कोणत्या सालचं, कुणी दिलेलं, ते आईला विचार. ताई त्यातलं एखादं घेऊन जाणार असेल तर तेच सगळ्यांना दाखव.

रविवारी सानपाड्याहून येताना ते मोठं पातेलं घेऊन ये. अक्षरं झिजली असतील, आपण उन्हात धरून वाचू.

तुझी,
बाई