नवे बूट आणि किपचोगे

काल कमाटीबागेत तू पहिल्याच फेरीत धापा टाकत बाकावर बसलास, तेव्हाच सांगणार होतो. रोज जीव तोडून पळू नकोस. शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढाच वेग ठेव, आठवड्यातून एखादा दिवस जोरात. केनियाचा मॅरेथॉनपटू इलियुड किपचोगे, त्याचाही बहुतेक सराव सावकाशच चालायचा.

त्याचं करिअर नीट बघ. 2003 साली पॅरिसला 5000 मीटरचा विश्वविजेता, वय जेमतेम 18. पुढे 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकच्या केनियाच्या संघात जागाच मिळाली नाही. मग मॅरेथॉनकडे वळला आणि 2013 ला हॅम्बुर्गची पहिलीच शर्यत जिंकला. रिओ आणि टोकियो ऑलिंपिक, दोन्हीकडे मॅरेथॉनचं सुवर्ण.

पण मला आवडते ती 2015 ची बर्लिन. धावताना दोन्ही बुटांतले आतले सोल सरकून बाहेर आले, घोट्याजवळ फडफडत होते. पायाला फोड, रक्त. तरी 2 तास 4 मिनिटांत जिंकला! तो किपचोगे होता म्हणून निभावलं. मी एकदा नवेकोरे बूट घालून शर्यतीला गेलो आणि अर्ध्यातून रिक्षाने घरी आलो. म्हणून शर्यतीचे बूट आधी दोन-तीन लांब पल्ल्यांना घालून बघ, मोजे तेच ठेव.

एप्रिलपासून साडेपाचला ये, सातनंतर बडोद्याचं ऊन सोसत नाही. आणि शेव-उसळ पळून झाल्यावर, आधी नाही.