मागावरचं शटल, बॅडमिंटनचं शटल आणि शटल गाडी: तिन्हींना एकच शब्द कसा?

तिन्हींचं नाव एकच आहे आणि आजचे अर्थ निघाले ते मागावरच्या धोट्यावरून, म्हणजे कापड विणताना आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जाणाऱ्या साधनावरून. जुन्या इंग्रजीत हा शब्द फेकायच्या बाणासाठी होता. ‘शूट’ही त्याच मुळाचा. पोटात बाण्याची (आडव्या धाग्याची) कांडी घेऊन उभ्या धाग्यांमधून बाणासारखा सुटतो, म्हणून धोटा ‘शटल’ झाला. सोलापुरात चादरीच्या जुन्या मागावर त्याच्या येरझाऱ्या पाहिल्या की पुढचे अर्थ आपोआप उलगडतात: जा-ये करणारी गाडी, अंतराळात जाऊन परतणारं यान, जाळीवरून इकडून तिकडे जाणारं फूल. त्या फुलाचं पूर्ण नाव शटलकॉक. पिसांमुळे त्यात ‘कॉक’ म्हणजे कोंबडा आला. मात्र रेपियर मागाला हे नाव लावू नका. तिथे धोटा नसतोच, बाणा चिमट्याने ओढला जातो.