थैलीतली दोन वजने

प्रश्न : आमच्या चर्चचे कवेलू काढून पत्रे टाकायचे आहेत, तेही मृगाच्या आत. तिघांकडून दर मागवणार आहोत. त्यांतले एक आमच्या सेक्रेटरींचे साडू. "आपल्याच माणसांत संशय कशाला?" म्हणून कमिटीत कोणी बोलत नाही. निर्णय निष्पक्ष कसा करावा?
— एक खजिनदार, सदर

उत्तर : साडू असणं हा दोष नाही, आणि ती पात्रताही नाही. घोळ होतो तो निकष मागाहून ठरवल्यामुळे. साडूंचा दर जास्त निघाला की "पण काम पक्कं असतं हो त्यांचं" हे आठवतं. कमी निघाला की कामाचं कोणी विचारत नाही, दरच मोठा होतो. थैलीत लहान-मोठी वजने ठेवू नका, हे बायबलच्या अनुवाद या पुस्तकातलं (२५:१३) बजावणं आपण दुकानदाराच्या नावावर टाकून मोकळे होतो. ते कमिटीलाही लागू आहे.

म्हणून दर मागवण्याआधी काम कागदावर उतरवा : किती चौरस फूट, पत्रा किती जाडीचा, खालचं लोखंड बदलायचं की रंगवायचं, जुने कवेलू कोण उचलणार, दर जीएसटी धरून की सोडून. जाडी लिहिली नाही तर एक जण ०.५० मि.मी.चा पत्रा धरतो, दुसरा ०.३५ चा, आणि दुसरा स्वस्त दिसतो. त्याच बैठकीत गुण ठरवा. उदाहरणार्थ दराला ५०, आधीच्या कामाला २५, हमीला १५, मुदतीला १०. तुमचे आकडे वेगळे असतील, चालेल. फक्त पाकिटं फोडण्याआधी ते इतिवृत्तात आले पाहिजेत. आधीच्या कामाचे गुण ऐकीव माहितीवर देऊ नका. दोन पावसाळे खाल्लेलं छप्पर दोघांनी जाऊन बघा, स्क्रूच्या वॉशरपाशी आणि पन्हाळीच्या जोडावर ओल आहे का ते. तिन्ही पाकिटं एकाच दिवशी, एकाच टेबलावर फोडा, प्रत्येकावर दोघांच्या सह्या घ्या. त्यानंतर कोणालाही "जरा कमी करता का?" असा फोन जाता कामा नये. एकाला गेला की बाकी दोन दरांना अर्थच उरत नाही.

सेक्रेटरींनी नातं लेखी कळवावं आणि या विषयापुरतं खोलीबाहेर थांबावं. तिथेच गप्प बसून भागत नाही, कारण लोक चेहरा बघून बोलतात. त्यांना हा अपमान वाटला तर २ करिंथ ८:२०-२१ दाखवा. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी प्रेषित पौलाने एकट्याच्या हातात ठेवली नाही, सोबत इतर भाऊ दिले. प्रभूपुढे जे नीट ते माणसांपुढेही नीट दिसावं म्हणून. आणि हो, "नातेवाईक आहेत" एवढ्याच कारणावर साडूंना बाद करणं हाही पक्षपातच. लेवीय १९:१५ थोरामोठ्यांची भीड धरू नको म्हणतं, तसंच गरिबाचीही बाजू घेऊ नको म्हणतं.

राहिलं एकमत. त्याची फार घाई करू नका. १ राजे २२ मध्ये सुमारे ४०० संदेष्टे इस्राएलच्या अहाब राजाला एका सुरात "चढाई कर" म्हणाले. वेगळं बोलणारा मीखाया एकटा होता, आणि खरा तोच निघाला. आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला इथे नागपुरातच झाली, पण बोलणी १९२९ पासून चालू होती. बाप्तिस्मा बालपणी की प्रौढपणी, हा वाद त्यांनी झाकला नाही. दोन्ही रीती लेखी मान्य केल्या. तुमच्याही इतिवृत्तात विरोधाचं मत नावानिशी आणि कारणासकट उतरू द्या. बिलातले १० टक्के मात्र पहिला दणकून पाऊस पडून जाईपर्यंत हातात ठेवा.

प्रश्न : मी नर्स आहे. आखातात नोकरी मिळते आहे. घरी ७२ वर्षांची आई, तिला शुगर. प्रार्थना करून बायबल उघडलं तर उत्पत्ती १२ निघालं, "आपला देश सोड". मनाला शांतीही वाटली. आईला अजून सांगितलेलं नाही. हा देवाचा होकार समजू का?
— एक वाचक, जरीपटका

उत्तर : एक विचारतो, राग मानू नका. त्याच वेळी रूथ १:१६ निघालं असतं, सासूला सोडून जाणार नाही म्हणणारी रूथ, तर तुम्ही थांबला असता का? की पुन्हा एकदा बायबल उघडलं असतं? दुसरं खरं असेल तर निर्णय आधीच झाला होता, वचन सहीपुरतं लागलं. शांतीचंही तसंच. मनासारखं ठरलं की ती लगेच वाटते.

जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसने आपल्या 'आध्यात्मिक साधना'मध्ये (पोपची मान्यता १५४८) यावर व्यवहारी वाट दिली आहे. आधी मन तराजूच्या काट्यासारखं मध्यावर येऊ द्यायचं. मग जाण्याचा लाभ, जाण्याची हानी, राहण्याचा लाभ, राहण्याची हानी, असे चार रकाने भरायचे. तुमच्या रकान्यांत आकडे हवेत : हातात पडणारा पगार, करार किती वर्षांचा, रजा किती, आईच्या औषधांचा आणि सोबतीला ठेवायच्या बाईचा महिन्याचा खर्च. घरात कर्ज असेल तर तेही लिहा. बहुतेकदा खरं कारण तिथेच असतं आणि प्रार्थनेत त्याचा उल्लेख नसतो. पुढे कल्पना करायची की अगदी अनोळखी बाई हाच प्रश्न घेऊन आली आहे, तिला काय सांगाल? मन उदास, कोरडं असताना आधीचा निर्णय मोडायचा नाही, असाही त्याचा नियम आहे.

एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. आणि आईला सही करण्याआधी सांगा. तिचं म्हणणं न ऐकता भरलेले रकाने अर्धेच राहतात; ऐकण्याआधी उत्तर देणाऱ्याला नीतिसूत्रे १८:१३ मूर्ख म्हणतं.

प्रश्न : युवक शिबिराच्या बसमध्ये जागा ४०, नावं ४७. चिठ्ठ्या टाकणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का?
— युवक संघ, मोहननगर

उत्तर : शोभतं. यहूदाच्या जागी प्रेषितांनी मत्थियाला चिठ्ठ्या टाकूनच निवडलं. पण आधी अट लावली होती, योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशूच्या सोबत असलेलाच हवा. दोघे पुढे आले, मग चिठ्ठी. तुम्हीही आधी चाळणी लावा : मुदतीत फॉर्म आला का, वयात बसतो का. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच घडीच्या करा, सगळ्यांसमोर काढा, आणि काढायला असं पोर बोलवा ज्याचं भावंड यादीत नाही.