जानेवारी सगळाच अंगावर घेऊ नकोस

नव्या बाईंना,
सप्रेम नमस्कार.

तुझा शाळेच्या जानेवारीतल्या उपक्रमांचा आराखडा वाचला. हौस दिसते, पण यादी फार लांब आहे. पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा, पट चाळीसच्या आसपास. एवढे उपक्रम घेतलेस तर निम्मे फोटोपुरते होतील आणि उरलेल्यांत तुम्ही दोघं दमून जाल. हा महिना तसाही भरलेला असतो. ३ तारखेला सावित्रीबाई, १२ ला जिजाऊ आणि विवेकानंद, १४ ते २८ मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २३ ला नेताजी, २५ ला मतदार दिन, २६ ला प्रजासत्ताक दिन. मधे संक्रांत, आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद, शिवाय वरून ऐनवेळी येणारं एखादं पत्र. हे सगळं सारख्याच जोरात करायचं नसतं. मोठे उपक्रम दोनच धर, मुलांचा बाजार आणि २६ जानेवारी. बाकीचं परिपाठात नाहीतर एका तासात बसव. कुठला उपक्रम ठेवायचा नि कुठला सोडायचा हे ठरेना, तर त्यात मुलांच्या हाताला काय काम आहे ते बघ. नुसतं रांगेत बसून ऐकायचंच असेल, तर तो दहा मिनिटांत संपव.

एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवून टाक. शाळा भरल्यानंतरचा पहिला दीड तास वाचन आणि गणिताचा. त्या वेळात तालीम नाही, खुर्च्या लावणं नाही, पाहुण्यांसाठी मुलांना पाणी आणायला पाठवणं तर नाहीच. पहिली ते पाचवीला शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. ते कागदावर भरतातच. वर्गात ते जानेवारी-फेब्रुवारीत गळतात.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा पहिल्या आठवड्यात घे. विषयपत्रिका चार-पाच दिवस आधी घरपोच जाऊ दे. रब्बीचं काम चालू असताना दुपारी कोणी येत नाही, म्हणून वेळ संध्याकाळी सहानंतरची ठेव. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. प्रत्यक्षात काय होतं, तर नाव आईचं नि सभेला येतात वडील, सहीही तेच करतात. भांडू नकोस, पण सभा ठरवताना त्या बाईंनाच भेट, त्यांना जमेल ती वेळ विचार, आणि विषयपत्रिकेत एक विषय त्यांनी मांडायचा म्हणून ठेव. खिचडीचा विषय बहुधा चालतो.

सभेत ‘सर्वांनी सहकार्य करावं’ असं म्हटलंस की सगळे मान डोलावतात आणि कोणीच येत नाही. काम मोजून माग. ‘रविवारी सकाळी आठ ते दहा, मैदानातले खडे वेचायला सहा माणसं, दोन घमेली, एक फावडं.’ तिथल्या तिथे नावं लिहून घे. लोकवर्गणी लागलीच तर समितीने गोळा करावी, प्रत्येक रुपयाची पावती फाडावी आणि खर्च सभेत वाचून दाखवावा. वर्गात हजेरी घेताना ‘कोणी आणले, कोणी नाही’ हे कधीही विचारू नकोस. ज्याने आणले नाहीत तो दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तर नाहीच नाही. गैरहजेरीचं कारण म्हणून मग पोटदुखी लिहिली जाते.

३ जानेवारीबद्दल थोडंसंच. नऊवारी नेसवून ‘मी सावित्री बोलतेय’ म्हणायला लावणं आता फार झालं. जन्म १८३१चा, नायगावचा, पुण्यातली मुलींची शाळा १८४८ची, एवढं परिपाठात सांग आणि आदल्या दिवशी मुलांना एक काम दे. आजी कितवीपर्यंत शिकली, आई कितवीपर्यंत, आणि शाळा का सुटली, हे घरी विचारून यायचं. कागदावर नाव लिहायचं नाही. वर्गात भिंतीला लावलेल्या कागदावर प्रत्येक उत्तरासाठी एक चौकोन रंगवायचा, आजीचे चौकोन एका रंगात, आईचे दुसऱ्या. चौथीच्या मुलांना त्यातून स्तंभालेख आपोआप समजतो. कारणं मात्र मोठ्याने वाचू नकोस, काही घरातली असतात.

आता बाजार. शनिवारी धरला आहेस, तो शुक्रवारी घे. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यानंतर रविवार. उरलेली मेथी-कोथिंबीर सोमवारपर्यंत कुजते. शुक्रवारी दुपारी घेतलास तर उरलेली भाजी शनिवारच्या खिचडीत जाते आणि हिशेबाला शनिवार मोकळा मिळतो. दप्तराविना शनिवारी याहून चांगलं दुसरं काय करणार?

तिसरी-चौथीची मुलं दोघादोघांनी दुकान लावतील, पहिली-दुसरीची गिऱ्हाईक होतील. लहान्यांना खऱ्या पैशांऐवजी शाळेने कागदी नोटा द्याव्यात, प्रत्येकी वीस रुपयांच्या, आणि नंतर समितीने त्या बदलून द्याव्यात. नाहीतर एका मुलाच्या हातात पन्नास रुपये आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नाही, असं होतं. माल घरचा किंवा शेतातला: हरभऱ्याचे डहाळे, बोरं, पेरू, गाजर, मेथीच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा. वड्या-भज्यांचे गाळे नकोत. उकळतं तेल आणि नऊ वर्षांचं मूल एका ठिकाणी ठेवायचंच नाही. फारच आग्रह झाला तर दोन आयांना चहा-पोह्यांचा एक गाळा बाजूला, भिंतीच्या कडेला दे.

सुट्ट्या पैशांवर बाजार अडतो. प्रत्येक दुकानाला सुरुवातीला पन्नास रुपयांची मोड दे: एकची दहा नाणी, दोनची पाच, पाचची चार आणि दहाची एक नोट. ही मोड कागदाच्या पुडीत बांधून वर ‘शाळेचे ५०’ असं लिही, कारण संध्याकाळी मुलं तीही नफ्यात धरतात. वजनासाठी गावातल्या दुकानदाराकडून दोन तराजू आण. पारड्यांचा तराजू हवा. डिजिटल काट्यावर आकडा वाचला की काम संपतं. पारडी असली की पाव किलोसाठी २०० आणि ५० ची वजनं कशी जुळवायची हे मुलाला शोधावं लागतं. आदल्या दिवशी एक तास दगड आणि वाळू मोजून सराव करून घे.

आदल्याच दिवशी प्रत्येक जोडीकडून वहीत चार रकाने आखून घे: काय आणलं, कितीला पडलं, कितीला विकलं, किती उरलं. ‘कितीला पडलं’ इथे गाडी अडते. घरच्या शेतातली मेथी म्हणजे फुकट, असं मुलं लिहितात. तेव्हा घरी विचारून यायला सांग, बियाणं कितीचं, पाणी कोणी दिलं, जुड्या बांधायला किती वेळ लागला. आकडा अंदाजाचा आला तरी चालेल, शून्य नको.

मोठी माणसं बाजार दोन प्रकारे बिघडवतात. एखादे प्रतिष्ठित येतात आणि एका दुकानातला सगळा माल एकदम उचलतात. मूल पाच मिनिटांत मोकळं होतं, पुढचे दोन तास फिरत बसतं. दुसरे म्हणतात, ‘ठेव रे बाळा वरचे पैसे.’ म्हणजे वजाबाकी केलीच नाही. दारातच पाटी लाव: पहिला तास एका गिऱ्हाइकाला एकच जुडी किंवा पाव किलो, आणि उरलेले पैसे मोजून परत घ्यावेत. उद्घाटन, फीत, भाषण यांतलं काही ठेवू नकोस. उन्हात भाषण चाललं की आधी पालेभाजी माना टाकते, मग मुलं.

शनिवारी हिशेब. मोड आधी वेगळी काढायची, मग रकाने भरायचे. एक-दोन जोड्यांना तोटा येईलच, त्यांचाच हिशेब फळ्यावर घे आणि का झाला ते मुलांनाच बोलू दे. बहुतेक वेळा शेजारच्या दुकानाने भाव उतरवलेला असतो आणि यांनी बघितलेलं नसतं. तोटा शाळेने भरून देऊ नये असं माझं मत आहे, पण आधी पालकांना सांगून ठेव.

खिचडीचं माप उपक्रमांच्या गडबडीत चुकू देऊ नकोस. प्राथमिकला एका मुलामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५ ग्रॅम. चाळीस मुलांना ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी, २०० ग्रॅम तेल. बाजारातली उरलेली भाजी तोलूनच दे. स्वयंपाकीण मावशी पालेभाजी अंदाजाने टाकतात आणि खिचडी पातळ होते. वाढण्याआधी चव घेऊन नोंदवहीत लिहायचं आहे, त्या दिवशीही.

संक्रांतीला हळदीकुंकू ठेवायचं तू लिहिलं आहेस. मी ते काढेन. गावात कुंकू लावून न घेणाऱ्या, किंवा ज्यांना कोणी लावत नाही अशा बायका असतात, आणि त्यांचीही मुलं आपल्या वर्गात बसतात. नुसतं तिळगूळ ठेव, आया-आज्या सगळ्यांना बोलव. भाषा पंधरवडा तेव्हाच सुरू होतो, त्याची सुरुवात इथूनच कर. आज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात, म्हणायला सांग. औताचे, मोटेचे, चुलीजवळचे शब्द मुलांनी लिहून घ्यावेत. ज्यांच्या घरात गोरमाटी, भिली किंवा अहिराणी बोलतात त्यांना त्याच वस्तूचा घरचा शब्द शेजारी लिहायला लाव. शुद्धलेखन स्पर्धेपेक्षा हा तक्ता जास्त दिवस भिंतीवर टिकतो.

तुमच्या भागात साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळ्या येतात. ऊसतोड कुटुंबाचं मूल दारात आलं की त्याच दिवशी वर्गात बसव. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे. त्याच्याकडे शिक्षण हमी पत्रक (गाव सोडताना मूळ शाळा देते ते) असेल तर बघ, नसेल तर मूळ शाळेला फोन कर. त्याला २६ जानेवारीच्या कार्यक्रमात जागा हवीच. फडातून मधेच दोन दिवस गायब होईल, म्हणून एकट्याचं भाषण देऊ नकोस, गटगीतात घे.

२६ तारखेचं बरंचसं काम २५ ला होतं. ध्वज उलगडून बघ: फाटलेला, विटलेला नको, लांबी-रुंदी ३:२. कप्पीला तेल दे. दोरी खांबाच्या उंचीच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त हवी, आणि नायलॉनची नवी दोरी नको, गाठ सरकते. केशरी पट्टा वर येईल असाच बांध; घाईत इथेच चूक होते, म्हणून दोघांनी तपासायचं. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही, पण मूठभरच ठेव. ओंजळभर ठेवल्या की घडी फुगते, गाठ जास्त आवळली जाते, आणि पाहुणे दोरी ओढत राहतात. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात. जी गाठ घालणार ती साध्या कापडावर तीनदा करून बघ, एका झटक्यात सुटली पाहिजे.

प्रभातफेरीत लहान मुलं मधे, चौथीची पुढे आणि शेवटी, एक शिक्षक सर्वांत मागे. प्लॅस्टिकचे झेंडे वाटू नकोस. कागदी असतील तर मोजून दे आणि मोजून परत घे, रस्त्यात पडता कामा नयेत. सकाळी सातला मुलं उपाशी येतात आणि उन्हात उभी राहिली की चक्कर येते. ‘काहीतरी खाऊनच या’ हे आदल्या दिवशी तीनदा सांग, आणि फेरी परतल्यावर आधी पाणी, मग ध्वजवंदन. पहिलीच्या मुलांना वीस मिनिटांहून जास्त उभं ठेवू नकोस.

नंतरचा सांस्कृतिक कार्यक्रम एका तासाचा. सहा कार्यक्रम, प्रत्येकी पाच-सहा मिनिटं, मधली ये-जा धरून तास भरतोच. निवडक मुलांचं नाच-पथक करू नकोस. वर्गच्या वर्ग रंगमंचावर येऊ दे. भाड्याचा पोशाख ठरला की चार-पाच मुलं त्या दिवशी घरी राहतात, म्हणून घरातला पांढरा सदरा आणि रंगीत ओढणी किंवा रुमाल, एवढंच. तालीम १२ तारखेपासून, शेवटच्या तासात. त्याआधी सुरू केलीस तर मुलं कंटाळतात आणि ऐनवेळी ढिली पडतात. भाषणं तीन, दोन-दोन मिनिटांची, मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली. मोठ्यांपैकी एकच बोलेल हे सभेतच ठरवून घे, आणि ते नाव इतिवृत्तात लिही, म्हणजे त्या दिवशी माईक फिरत नाही.

मागून आणलेल्या वस्तूंची यादी ऑफिसच्या दाराला चिकटवून ठेव: तराजू, वजनं, सतरंज्या, माईक, आणि कोणाचं काय. २७ ला सगळं परत जाऊ दे. वजनं मोजून दे, ५० ग्रॅमचं नेहमी हरवतं. बाजाराचा हिशेब आणि वर्गणीचा खर्च फेब्रुवारीच्या सभेत पहिल्या विषयाला घे.

आराखडा दुरुस्त करून पाठव, मग बोलू.

तुझ्या नव्या शाळेला शुभेच्छा.