काही झालं नाही, मिस

"तो बोलतच नाही. बोललाच तर अंगावर येतो. हे वयच असलं म्हणून सोडून देऊ, की खरंच काहीतरी बिनसलंय?"

मुलग्यांच्या आया हा प्रश्न मला महिन्यातून दोन-चारदा तरी विचारतात. गुजराती आई विचारते, पोर्तोरिकोची विचारते, आमच्या मराठी मंडळातलीही विचारते. आज जिच्याबद्दल लिहितेय तिच्या प्रश्नाला मात्र एक शेपूट होतं. "आणि डॉक्टरकडे नेलं तर त्याच्या कागदांवर कायमचा शिक्का बसेल ना? त्याच्यासारख्या मुलाच्या?"

त्याच्यासारख्या म्हणजे ब्लॅक मुलाच्या. 'काळा' लिहायला माझा हात धजत नाही. आपल्याकडे स्थळं बघण्यापासून त्या शब्दाची जी गत झालीय ती सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ही माणसं स्वतःला जे म्हणवतात तेच लिहिते.

मी उत्तर न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये समुपदेशक आहे, मूळची साताऱ्याची. मुलाला आपण डी म्हणू. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत, आणि लिहू का म्हणून दोघांनाही विचारलंय.

डी माझ्याकडे आला तो एका कागदासोबत. कागदावर शिक्षकांनी लिहिलं होतं: राग आवरत नाही, उलट उत्तरं देतो, वर्गात हूडी डोक्यावरून काढत नाही. महिन्याभरात दोनदा शाळेतून निलंबित. वय पंधरा, उंची सहा फूट एक इंच. त्यातले चार इंच गेल्या एका वर्षातले.

खोलीत आल्यावर त्याने दाराजवळची खुर्ची निवडली आणि पहिला प्रश्न त्यानेच टाकला. "मी जे बोलेन ते कुणाकुणाला कळणार?" पंधराव्या वर्षी हा प्रश्न सुचावा याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. सरळ सांगितलं: तू स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार असशील, किंवा तुला कुणी इजा करत असेल, तर मला सांगावं लागेल. बाकी इथेच राहील.

मग मी एक चूक केली. म्हणाले, "मीही या देशात बाहेरचीच आहे, मला कळतं." त्याने मान वर केली. "तुम्हाला बघून कोणी रस्ता ओलांडून पलीकडे जातं?"

नाही जात. उलट आमचीच मंडळी काही वस्त्यांतून जाताना गाडीची दारं लॉक झालीत ना ते पुन्हा बघतात, आणि तेव्हा गाडीत मीही बसलेली असते. त्याला म्हटलं, "नाही. तू सांग, कसं असतं ते."

पण तो लगेच थोडाच सांगणार! पुढच्या दोन भेटी मी रागाचं नावसुद्धा काढलं नाही. फक्त झोप, भूक आणि डोकेदुखी विचारली. मुलगे मनाबद्दल बोलत नाहीत, पण पोटाबद्दल बोलतात. झोप लागायला पहाटेचे चार वाजत होते. आई नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला, ती सकाळी सातला परतायची. डी हॉलमधला दिवा चालू ठेवून सोफ्यावर पडायचा. "तिला किल्ली सापडत नाही कधीकधी," म्हणाला. तीन तास झोपलेला मुलगा पहिल्या तासाला गणिताच्या वर्गात बसला की तोंडातून जे निघेल त्याला शाळेने 'उद्धटपणा' असं नाव दिलं होतं. डोक्यावरच्या हूडीखाली तो चक्क झोपत होता.

हा सोफा आजोबांचा. त्यांनीच त्याला वाढवलं. ऑगस्टमध्ये ते गेले, आणि घरातली पुरुषमाणसाची जागा आता आपली, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. तो रडला नव्हता. अंत्यविधीला चर्चमध्ये कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणालं होतं, "आता तू मजबूत राहायचंस."

एवढंच असतं तर मी त्याला शोक म्हटलं असतं. पण तो ट्रॅकच्या टीममध्ये होता, चारशे मीटर पळायचा, आणि ऑक्टोबरात त्याने पळणं अचानक सोडलं. का? "काही झालं नाही, मिस." चौथ्या भेटीत कळलं ते असं. सरावानंतर संधिप्रकाशात तो पळतच घरी निघाला होता. पोलिसांची गाडी आडवी आली. कुठून आलास, कुठे चाललास, बॅगेत काय आहे. वीस मिनिटं. मग जा म्हणाले. हात लावला नाही, शिवी दिली नाही. खरंच 'काही झालं' नव्हतं. फक्त त्या दिवसापासून त्याने रस्त्यावर पळायचं नाही असं ठरवलं, आणि ते आईलाही सांगितलं नाही. पोलिसांनी थांबवलं तर हात कुठे ठेवायचे, आवाज किती ठेवायचा, हे आजोबांनी त्याला दहाव्या वर्षीच शिकवलं होतं. इथल्या ब्लॅक घरांत या शिकवणीला नुसतं 'द टॉक', म्हणजे 'ते बोलणं', म्हणतात. 2014 मध्ये क्लीव्हलँडच्या बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळणारा टामिर राइस पोलिसांच्या गोळीने गेला तेव्हा बारा वर्षांचा होता. ते नाव या घरांत अजून जेवणाच्या टेबलावर निघतं.

त्याच भेटीत त्याने एक करून दाखवलं. संध्याकाळी फुटपाथवर पुढे एखादी बाई एकटी चालत असेल, तर तो फोन कानाला लावतो आणि मोठ्याने म्हणतो, "हाय मॉम! हो, आलोच!" पलीकडे कोणी नसतं. बाईने घाबरू नये म्हणून. हे करून दाखवताना तो हसला, आणि मला काय करावं ते सुचेना.

2014 मध्येच अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचं एक संशोधन आलं होतं: दहाव्या वर्षापासून पुढे ब्लॅक मुलग्यांना लोक वयाने मोठे आणि कमी निरागस समजतात. मी ते प्रशिक्षणात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. वाढलेले चार इंच एखाद्या पोराला ओझं होऊ शकतात, हे मात्र त्या खोट्या फोनमुळे समजलं.

आता आईच्या प्रश्नाकडे. वयाची चिडचिड आणि आजार यांत फरक कसा ओळखायचा? किशोरवयात नैराश्य उदास चेहऱ्यानेच येतं असं नाही. निदानाच्या नियमांतच लिहिलंय की मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिड असू शकते. ती दोन आठवड्यांहून जास्त रोजची झाली, झोप किंवा भूक बदलली आणि जिवापाड आवडणारी गोष्ट सुटली, तर वयावर ढकलू नये. डीच्या बाबतीत तिन्ही होतं. गोऱ्या मुलाची चिडचिड कधीकधी तरी 'बिचारा त्रासात आहे' म्हणून वाचली जाते. याची थेट प्राचार्यांच्या खोलीत गेली.

मी त्याला सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात घुसते अशी भीती पालकांना असते. तसं होत नाही, उलट मूल मोकळं होतं. तो बराच वेळ बुटाच्या लेसशी खेळत बसला. मग म्हणाला, "झोपावं आणि उठूच नये असं वाटतं. पण मी काही करणार नाही." हे 'काही करणार नाही' मी कधीच गृहीत धरत नाही. 2018 मध्ये एका अभ्यासात दिसलं की पाच ते बारा वयात ब्लॅक मुलांच्या आत्महत्येचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट आहे. तोवर 'हा आमच्यातला आजार नाही' असं ब्लॅक घरांत म्हणायचे, आणि बाहेरचेही तेच धरून चालायचे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2019 मध्ये, आमच्या न्यू जर्सीच्याच खासदार बॉनी वॉटसन कोलमन यांच्या पुढाकाराने यावर संसदेत अहवाल मांडला गेला.

त्या संध्याकाळी त्याला सांगूनच आईला फोन केला. पहिलं काम सांगितलं: न्हाणीघरातलं कपाट उघडा. आजोबांच्या वेदनाशामक गोळ्या तिथे तशाच होत्या, दोन बाटल्या. दुसऱ्या दिवशी ती त्या औषधाच्या दुकानात परत देऊन आली. 988 हा आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीचा मदतीचा नंबर फ्रिजवर लावला. जुलै 2022 पासून तो देशभर चालतो, दिवसरात्र, फोन करा किंवा मेसेज.

शिक्क्याचं मात्र तिला पटवणं सोपं नव्हतं. तिच्या आईने टस्कीगीची गोष्ट सांगितलेली होती: 1932 ते 1972, चाळीस वर्षं, अलाबामातल्या शेकडो ब्लॅक पुरुषांचा सिफिलिस सरकारी डॉक्टर उपचार न करता नुसता बघत राहिले. अशा घराला 'डॉक्टरांवर विश्वास ठेवा' म्हणणं हा उद्धटपणा झाला असता. मी एवढंच म्हणाले, "शिक्का तर बसलाच आहे. उद्धट, रागीट, दोनदा निलंबित. तो पुसायला दुसरा कागद लागेल." रात्रपाळीचा गणवेश अंगावर असतानाच तिने उपचाराच्या कागदावर सही केली.

तिने ब्लॅक थेरपिस्टच हवा म्हटलं. रास्त होतं, पण इथल्या मानसशास्त्रज्ञांत ते शंभरात जेमतेम चार-पाच. दोन महिने थांबावं लागलं. तोवर मी, प्रशिक्षक, आणि आजोबांचा न्हावी. हो, न्हावी! शनिवारी तिथे बसून पुरुष जे बोलतात ते चर्चमध्येही बोलत नाहीत. लिटल रॉकमध्ये सुरू झालेली 'कन्फेस प्रोजेक्ट' नावाची संस्था तर न्हाव्यांनाच मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण देते. आमच्या न्हाव्याने कसलंही प्रशिक्षण घेतलं नव्हतं. त्याने फक्त केस कापताना म्हटलं, "म्हातारा गेला तेव्हा मी दुकान बंद करून रडलो." डी त्या खुर्चीत पहिल्यांदा रडला म्हणे, अंगावर केस कापताना गुंडाळतात तो कपडा असताना.

माझे उपाय काही सगळे लागू पडले नाहीत. बास्केटबॉलपटू डीमार डेरोझनने 2018 मध्ये आपल्या नैराश्याबद्दल जाहीर सांगितलं होतं, ते मी मोठ्या उत्साहाने ऐकवलं. डी म्हणाला, "त्याच्याकडे पैसा आहे, मिस." विषय संपला.

प्रशिक्षकाने पळणाऱ्यांचा गट केला, सहा मुलं, शाळेच्या नावाचे जर्सी, सकाळी साडेसहाला. एकट्याने नाही. आईने बॅगेच्या बंदाला किल्ली शिवून घेतली, त्यामुळे हॉलमधला दिवा बंद झाला. थेरपिस्टकडे तो आता एक गुरुवार सोडून जातो. गणितात अजून नापासच आहे. पुन्हा एकदा निलंबितही झाला, आणि त्या वेळी चूक त्याचीच होती.

एप्रिलमध्ये तो दारातूनच डोकावला. सकाळी पळताना पुढे एक बाई कुत्रा घेऊन चालली होती म्हणे.

"मग? फोन काढलास?"

"फोन बॅगेत होता. कुत्रा भुंकला." मग जाता जाता म्हणाला, "पण तो सगळ्यांवरच भुंकत होता."