वाचकांचे प्रश्न : पुस्तकातली परिचर्या आणि वॉर्डातली परिचर्या

या सदरात परिचर्या आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांवरील वाचकांच्या पत्रांना उत्तरे दिली जातात. या वेळची चारही पत्रे सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेली आहेत.

प्रश्न : मी कराड येथे बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. वर्गात आम्हाला ओरेम, हेंडरसन, पेप्लाऊ यांचे सिद्धांत शिकवले जातात आणि परीक्षेत त्यांवर प्रश्नही येतात. वॉर्डात मात्र सिस्टर म्हणतात, ‘ते सगळं कॉलेजात ठेवून या, इथं आधी बेड करायला घ्या.’ रुग्णाला या सिद्धांतांचा खरोखर काही उपयोग होतो का?

उत्तर : उपयोग होतो. मात्र केअर प्लॅनच्या वहीत सिद्धांताचे नाव लिहून दिल्याने तो होत नाही. रुग्णाकडे पाहताना कोणता प्रश्न मनात धरायचा, हे सिद्धांत आपल्याला सांगतो, आणि तो प्रश्न मनात नसेल तर समोर दिसणारी गोष्टही नजरेतून सुटते.

समजा, खटाव तालुक्यातील साठीतले एक शेतकरी पायाच्या जखमेसाठी दाखल झाले आहेत, मधुमेह जुना आहे आणि आता इन्सुलिन सुरू केले आहे. डोरोथिया ओरेम यांनी १९७१ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा आहे की, या माणसाला स्वतःची काळजी घेण्यासाठी काय काय करावे लागणार आहे, त्यातले त्याला काय जमते आणि न जमणारे कोण करणार, हे परिचारिकेने शोधायचे. पहिले दोन दिवस ताप आणि अशक्तपणामुळे सगळे आपल्यालाच करावे लागते. पुढे काही ते करतात, काही आपण करतो. घरी जाण्याच्या वेळी आपल्याकडे शिकवणे आणि धीर देणे एवढेच उरते. ओरेम यांनी सांगितलेल्या परिचर्येच्या तीन पद्धती त्या याच. हा प्रश्न धरून आपण त्यांच्याशी पंधरा मिनिटे बोललात, तर कळेल की सिरिंजवरच्या रेघा त्यांना नीट दिसत नाहीत, घरात फ्रिज नाही, रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला ते अनवाणी जातात आणि पायाला काही टोचले तरी त्यांना समजत नाही. मग इंजेक्शन द्यायला सुनेला किंवा मुलाला शिकवावे लागते, औषधाची बाटली पाणी मुरणाऱ्या मडक्याच्या गारव्यात कशी ठेवायची हे दाखवावे लागते, आणि रोज रात्री तळपाय पाहण्याचे काम घरातल्या कोणाकडे तरी नावानिशी सोपवावे लागते. हे विचारलेच नाही, तर डिस्चार्ज कार्डावर ‘पायाची काळजी घेणे’ एवढे तीन शब्द लिहिले जातात आणि महिन्याभरात तोच पाय आणखी वाईट अवस्थेत परत येतो.

आपल्या सिस्टरांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवख्या परिचारिकेपासून निष्णात परिचारिकेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. रुग्ण बिघडणार आहे हे निष्णात परिचारिकेला आकडे बदलण्याच्या आधीच जाणवते, परंतु ते कशावरून जाणवले हे तिला पुष्कळदा शब्दांत सांगता येत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून त्या बेड करायला सांगतील तेव्हा जरूर करा, रुग्णाची त्वचा, श्वास आणि वेदना जवळून पाहण्याची ती उत्तम वेळ असते, आणि ते करता करता त्यांना विचारा, ‘सिस्टर, या पेशंटकडे आज जास्त लक्ष द्यायला हवं हे तुम्हाला कशावरून वाटलं?’ त्यांचे उत्तर आपल्याला कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

प्रश्न : मी सांगलीत अधिपरिचारिका आहे. बेडसोर (सतत एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणारा व्रण) होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी आणि स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळावी, असे आम्हाला शिकवले गेले. नव्याने रुजू झालेली मुले सांगतात की, हे आता संशोधनात टिकलेले नाही आणि चार तासांनी कूस बदलली तरी चालते. रात्रपाळीला एकटीने सगळा वॉर्ड सांभाळताना दोन तासांचा नियम पाळणे तसेही शक्य होत नाही. आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पाठ चोळण्याबाबत मुले बरोबर सांगत आहेत, चार तासांबाबत त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे.

लाल झालेल्या भागावर, विशेषतः माकडहाड, नितंब, टाच अशा हाडाच्या उंचवट्यांवर चोळू नये, असे आजचे मार्गदर्शन आहे. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात आणि चोळण्याने आतल्या पेशींची हानी वाढू शकते. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते, पावडर घामात आणि लघवीच्या ओलीत गोळा होऊन घासत राहते. सौम्य साबण आणि पाण्याने पुसून त्वचा हलक्या हाताने टिपून कोरडी करावी, आणि ओल सतत राहत असेल तर तेथे संरक्षक मलम लावावे. गोल एअर रिंग किंवा पाणी भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवण्याची पद्धतही सोडून द्यावी, कारण कडेच्या दाबामुळे मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो.

आता दोन तास की चार तास, याविषयी. ज्या संशोधनाचा आधार मुले घेत असतील ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिका आणि कॅनडातील २७ शुश्रूषागृहांतील ९४२ वृद्धांना दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलण्याच्या गटांत विभागून तीन आठवडे पाहिले गेले आणि व्रण होण्याच्या प्रमाणात या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याचे नेतृत्व नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी केले होते. बार्बरा ब्रेडन यांच्यासह १९८७ मध्ये बेडसोरच्या जोखमीची सुप्रसिद्ध ब्रेडन मापनपट्टी प्रसिद्ध करणाऱ्या त्याच या बर्गस्ट्रॉम. आयुष्यभर याच विषयावर काम केलेल्या परिचारिकेने आपल्याच व्यवसायातला एक जुना नियम तपासायला घेतला, याचे मला फार मोल वाटते.

परंतु त्या संशोधनातील प्रत्येक वृद्ध उच्च घनतेच्या फोमच्या गादीवर होता. आपल्या वॉर्डातील गादी काथ्याची आहे की दबून पातळ झालेल्या फोमची, तिच्यावरचे रेक्झिन फाटले आहे का, हे आधी पाहावे लागेल. गादीवर हाताने जोर दिल्यावर खालच्या पत्र्याचा कठीणपणा जाणवत असेल, तर त्या संशोधनाचा चार तासांचा निष्कर्ष आपल्या रुग्णाला लागू होत नाही. शिवाय ते सगळे शुश्रूषागृहातील रहिवासी होते. आपल्याकडचा रुग्ण पक्षाघाताचा, तापाने फणफणलेला, दोन दिवस पोटात अन्न नसलेला असू शकतो. संशोधनाचा निष्कर्ष उचलायचा तर तो त्याच्या अटींसह उचलावा लागतो, आणि त्या अटी समोरच्या खाटेशी ताडून पाहण्याचे काम त्या खाटेजवळ उभी असलेली परिचारिकाच करू शकते. दूरच्या देशातील संशोधकाला ते करता येत नाही आणि महाविद्यालयातील प्राध्यापकांनाही येत नाही.

म्हणून सरसकट दोन किंवा सरसकट चार तास ठरवण्याऐवजी रुग्ण दाखल होताच ब्रेडन मापनपट्टीवर त्याचे गुण काढावेत. संवेदना, ओलसरपणा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण या सहा बाबींचे मिळून ६ ते २३ गुण होतात आणि १८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे जोखीम समजतात. रात्री एकट्या परिचारिकेचे हात कोणाकडे आधी वळावेत, हे या गुणांवरून ठरते. जोखीम जास्त आणि गादी साधी, तर दोन तासांचा नियम कायम ठेवावा. कूस बदलल्यावर लाल भाग बोटाने तीन सेकंद दाबून पाहावा. लाली जात नसेल तर व्रणाची सुरुवात झाली आहे. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून शेजारच्या त्वचेशी तुलना करून तो भाग अधिक गरम, कडक किंवा दुखरा लागतो का, हे हाताने पाहणे आवश्यक आहे. पुष्कळ पाठ्यपुस्तकांतील चित्रे गोऱ्या त्वचेची असल्यामुळे ही बाब शिकवण्यात मागे पडते.

नातेवाइकांची मदत घेण्यात संकोच करू नये, मात्र त्यांना नीट शिकवावे. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी किंवा घडी घातलेली गोधडी देऊन साधारण ३० अंशांत कलते ठेवावे. टाचा गादीला टेकू नयेत यासाठी पोटरीखाली उशी ठेवावी. रुग्णाला ओढत न सरकवता चादरीसह उचलून सरकवावे. अन्य कारण नसेल तर डोक्याकडचा भाग ३० अंशांपेक्षा वर ठेवू नये, नाहीतर शरीर खाली घसरत राहते आणि माकडहाडावरची त्वचा ताणली जाते. तरीही मदत घेणे आणि जबाबदारी त्यांच्यावर टाकणे यांत फरक आहे. कूस बदलल्याची नोंद आपणच करावी आणि ड्यूटी बदलताना ती तोंडी सांगावीही.

एकटीने सगळा वॉर्ड सांभाळण्याविषयी आपण लिहिले आहे, त्याकडे मी दुर्लक्ष करणार नाही. युरोपातील ९ देशांच्या ३०० रुग्णालयांत लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेमागे एक शस्त्रक्रियेचा रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती ७ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे तो संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. पण मनुष्यबळाची मागणी रुग्णांच्या जिवाशी निगडित आहे एवढे म्हणायला तो पुरेसा आहे. आपल्या मागणीला जोड म्हणून दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी वॉर्डात किती रुग्ण आहेत, त्यांपैकी किती जणांना बेडसोर आहे आणि त्यांतील किती जणांना तो येथे आल्यावर झाला, एवढी मोजणी परिसेविकांच्या, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरांच्या, संमतीने करा. असे सहा महिन्यांचे कागद घेऊन अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) गेलात, तर चर्चा गाद्यांच्या खरेदीपर्यंत पोहोचू शकते.

प्रश्न : माझ्या आईला वाई येथे रुग्णालयात दाखल केले होते. पूर्वी सलाईनची सुई तिसऱ्या दिवशी बदलत असत, या वेळी चौथ्या दिवशीही बदलली नाही. विचारले तर ‘गरज नाही’ असे उत्तर मिळाले. हा हलगर्जीपणा नव्हे का?

उत्तर : केवळ दिवस उलटले म्हणून तसे म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ठरलेल्या दिवशी सुई बदललेल्या आणि लक्षण दिसल्यावरच बदललेल्या अशा दोन्ही गटांत शीर सुजण्याचे प्रमाण सारखेच, ७ टक्के, आढळले. विनाकारण टोचणे त्यामुळे टळते. परंतु ही पद्धत सुरक्षित राहते ती प्रत्येक पाळीत सुईची जागा पाहिली जाते तेव्हाच. जागा दुखणे, लाल होणे, सुजणे, शीर दोरीसारखी कडक लागणे किंवा सलाईन अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर सुई लगेच काढायला हवी, आणि औषधे थांबली असतील तर ती ठेवायचीच नाही. ‘गरज नाही’ एवढे सांगण्याऐवजी सिस्टरांनी आपल्याला ही लक्षणे सांगितली असती, तर आपली काळजी मिटली असती आणि आईच्या हाताकडे लक्ष ठेवणारे आणखी दोन डोळे त्यांना मिळाले असते.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यात आरोग्यसेविका आहे. आमचा निम्मा वेळ रजिस्टर भरण्यात जातो. संशोधन मोठ्या संस्थांत होते, आम्ही फक्त आकडे वर पाठवतो. त्या आकड्यांचा आम्हाला काही उपयोग आहे का?

उत्तर : गडचिरोलीचे उदाहरण आपण ऐकले असेल, पण ते कसे घडले याचा तपशील पाहण्यासारखा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानाला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि त्यावर इंजेक्शन देणे शिकवले गेले. तेथे हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात मृत्यू होत असत, ते तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशाताईंच्या गृहभेटींच्या रूपाने हीच कल्पना देशभर राबवली जाऊ लागली. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू काटेकोरपणे नोंदवणारी माणसे गावात होती, म्हणूनच फरक सिद्ध करता आला.

आपल्या रजिस्टरमधून एकच प्रश्न निवडा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची असते. त्यांपैकी कोणत्या भेटी चुकतात आणि कोणत्या बाळांच्या? माझा अंदाज आहे की पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुली आणि गळीत हंगामात मराठवाड्यातून येऊन कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या बायका, या दोन ठिकाणी गळती जास्त निघेल. एकीचे नाव सासरच्या रजिस्टरमध्ये असते आणि ती माहेरी असते; दुसरीचे नाव अनेकदा कुठल्याच गावाच्या यादीत नसते. माझा अंदाज चुकीचाही ठरेल, म्हणून मोजून पाहा. मोजताना ‘पाच भेटी चुकल्या’ असे न लिहिता किती बाळांपैकी किती, असे लिहा, नाहीतर मोठ्या आणि लहान गावांची तुलना करता येणार नाही. बाळांची आणि मातांची नावे या कागदावर आणू नका. हे काम पुढे लेखाच्या रूपाने प्रसिद्ध करण्याची इच्छा झाली, तर ते सुरू करण्यापूर्वीच मिरजेच्या किंवा कराडच्या वैद्यकीय महाविद्यालयातील समुदाय आरोग्य विभागाशी बोलून नीतिसमितीची परवानगी घ्या.

गळती माहेरवाशिणींची निघाली, तर दोन गावांच्या आशाताईंनी सातव्या महिन्यातच एकमेकींना फोन करून नाव कळवण्याची पद्धत पुढचे तीन महिने राबवून बघा. गळती कोप्यांतली निघाली, तर कारखान्याच्या शेतकी विभागाकडून टोळ्यांच्या मुक्कामाची यादी हंगामाच्या सुरुवातीलाच मागून घ्या. तीन महिन्यांनी तेच कोष्टक पुन्हा भरा आणि दोन्ही कोष्टके एका पानावर शेजारी शेजारी मांडून तालुक्याच्या मासिक बैठकीत ठेवा.